लांब बाह्या

सुट्टीवरून परतून आज सहावा दिवस.
डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत
गांधी उठल्यात पुन्हा.
डाव्याच, कारण इथे स्टिअरिंग डावीकडे,
आणि सोहार ते बंदर, बंदर ते सोहार
खिडकीची काच झळ तेवढी अडवते,
ऊन आत सोडते.

पहिल्या वर्षी घामोळं समजलो.
डबाभर पावडर थापली.
आई फोनवर म्हणाली, पित्त असेल रे,
आमसूल भिजत घाल, ते पाणी लाव.
आमसूल होतं, तिनेच बांधून दिलेलं.
लावलं.
रात्रभर हाताला कढीचा वास
आणि खाज तशीच,
पोटमाळ्यावर उंदीर धावावेत तशी
कातडीच्या आतून.

डॉक्टर लीलम्मा कुरियननी
हात उलटा केला, सुलटा केला,
घड्याळ काढायला लावलं.
खाली गोरा गोल. एक पुटकुळी नाही.
हं, म्हणाल्या, घड्याळानेच कबुली दिल्यासारखं,
तुम्हाला ऊन सोसत नाही.

बाई, मी सर्व्हेअर.
एक डोळा मिटून उन्हात उभं राहायचं
याचाच पगार घेतो.

मग त्यांनी विचारलं,
नुकतेच गावी जाऊन आलात का?

कातडी ऊन शिकते म्हणे, हळूहळू,
जूनपर्यंत पाठ करते.
आणि चाळीस दिवस पोफळीच्या सावलीत काढले
की सगळं विसरते.
परत पहिलीपासून.

मेडिकलमधले मुनाफ पारकर दाभोळचे.
मलमाची ट्यूब पुड्यात घालताना
आवाज खाली आणून आपल्या बोलीत म्हणाले,
खाजवू नुको हां, नखां काप.
चार महिन्यांनी कोणी मला
आईच्या सुरात दटावलं.

तेव्हापासून नखं कापलेली.
दर दोन तासांनी पांढरा लेप, मानेला, कानाच्या पाळीलाही.
टेक बहादूर पहिल्यांदा हसला होता,
साहेब, कुठल्या नाटकात काम?
आता तोच प्रिझमची काठी धरून
लांबून स्वतःच्या कानाला हात लावून दाखवतो:
राहिलं.
रात्री गोळी, ओला पंचा, आणि झोप
विहिरीत कळशी सोडावी तशी.

या खेपेस ऋजुताने
माझ्या दंडावरची काळ्या-गोऱ्याची हद्द
बॉलपेनने आखली.
इथपर्यंत तू तिकडचा, म्हणाली,
इथून वर आमचा.
मी म्हटलं, मोजणी बरोबर आहे.
निघायच्या आठवड्यात पाहिलं तर
पेनाची रेघ धुऊन गेलेली
आणि हद्दही धूसर,
दोन्हीकडे जवळजवळ एकच रंग.
तिला दाखवायचं होतं. राहिलं.

आता रोज सकाळी सहाला,
क्रेनच्या सावल्या धक्क्यावर लांबच लांब असताना,
मी डावी बाही कोपरापर्यंत दुमडतो
आणि हात पुढे करून उभा राहतो,
रांगेत, शिक्षा घ्यायला उभं राहावं तसा.
काल आठ मिनिटं. आज दहा.
टेक बहादूर मोबाईलवर वेळ लावतो,
चहा पितो, समुद्राकडे बघतो.

पुग्यो, म्हणतो मग. पुरे.

मी बाही खाली ओढतो.
कफाचं बटण डाव्या हाताचं,
उजव्या हाताने लावायचं,
त्याही बोटांना लेप लागलेला.
निसटतं एकदोनदा.