कल्हई कोण करतं

बाम्बेर्गहून परतून अकरा दिवस झाले,
स्वेटर अजून गच्चीतल्या दोरीवर.
आई म्हणते, जळक्या लाकडाचा वास जात नाही.
दादा म्हणतात, भट्टीचा आहे, जायचा नाही.

तीन आठवडे, कंपनीच्या खर्चानं,
सातपूरहून मी आणि सिन्नरचा गांगुर्डे,
नॉझलच्या केसाहून बारीक भोकांचं शिकायला.
दिवसभर मायक्रॉन. संध्याकाळी नदी.
नदीच्या ऐन मध्यात त्यांची जुनी कचेरी,
दोन्ही अंगांना पाणी फुटतं तिच्या.
गांगुर्डे म्हणाला, होळकर पुलाखाली
तहसील बांधल्यासारखं झालं हे,
गोदेनं पहिल्याच श्रावणात नेलं असतं.
योआखिम सांगत होता, गाव सात टेकड्यांवर वसलंय.
मी बोलून गेलो: आमचं नऊ टेकांवर.
दोन टेकांनी जिंकल्याचा आनंद
एका गल्लीपुरता टिकला.

कारण पुढच्या गल्लीत ते दार.
आत तुळया काळ्याकुट्ट,
बीचच्या जाळावर वाळवलेल्या जवाचा धूर
किती पिढ्यांचा, कोण जाणे.
पेल्यात तपकिरी, जवळजवळ काळं.
पहिला घोट म्हणजे
चुलीवर धुरकटलेलं दूध.
तिसऱ्या ग्लासाला कळेल, योआखिम म्हणाला.
गांगुर्ड्याला चौथ्यालाही कळलं नाही,
पण त्यानं प्रयत्न सोडला नाही.
द्राक्षांच्या जिल्ह्यातले ना तुम्ही, वाइन तर घेतच असाल?
मी हसलो. आमच्या घरात द्राक्षं
एकादशीला, धुऊन, वाटीत.

मग मागच्या खोलीत ते भांडं.
तांब्याचं. आमच्या माळ्याला टेकेल एवढं,
खाली फुगीर, वर निमुळतं,
आपल्या बंबाचा पणजोबा.
सगळे त्याच्यासोबत फोटो काढत होते.
मी मधल्या बोटाच्या पेरानं वाजवलं,
लहानपणी दादांनी शिकवलं तसं:
भरलेलं मठ्ठ बोलतं, रिकामं लांब.
लांब बोललं.
तांबट आळीतली सकाळची आठ वाजताची वेळ
त्या खोलीत उभी राहिली,
अकरा हातोड्या, आता दोनच उरल्यात त्या.
जवळून पाहिलं. मठारकाम डावीकडे उतरत गेलेलं.
डावखुरा होता कुणीतरी.
पितळी पाटीवर मालकाचं नाव आहे. त्याचं नाही.

दादांना कमी ऐकू येतं.
आळीत त्यांच्या वयाच्या सगळ्यांनाच.
फोटो दाखवला तर पेल्यावरून, कचेरीवरून,
माझ्या दात काढलेल्या चेहऱ्यावरून
अंगठा सरळ पुढे गेला.
भांड्याशी थांबले. दोन बोटांनी वाढवलं,
मानेजवळचा सांधा येईपर्यंत.
बराच वेळ काही नाही.
मग मोठ्यानं, बहिऱ्या माणसासारखं:
"आतून कल्हई कोण करतं?"

तीन आठवड्यांत शंभरेक प्रश्न विचारले असतील मी.
वहीत आहेत, अनुक्रमांकासहित.
हा नव्हता.

आई कपालेश्वराला गेली तेव्हा
मोज्यांत गुंडाळून आणलेली बाटली काढली.
स्टीलच्या दोन वाट्या. गच्चीवर, स्वेटरखाली.
दादांनी आधी हुंगलं, मग ओठ लावला,
मग जीभ टाळ्याला लावून बसले,
आम्लाला हातानं ओळखणारा माणूस.
मी ओरडून सांगितलं, तिसऱ्या वाटीला कळतं म्हणे.
"मला कळलं," म्हणाले.
"जाळ ठेवणारा पोरगा झोपला होता त्या दिवशी.
मालकानं तेच पुढे विकलं."
आणि वाटी पुढे केली. दुसरी.

योआखिमला रात्री मेसेज टाकला.
कल्हईला शब्द सापडेना,
म्हणून लिहिलं: आतला पांढरा थर, कथिलाचा,
दर वर्षी द्यावा लागतो, नाहीतर तांबं उतरतं अन्नात.
सकाळी उत्तर आलं, विचारून सांगतो,
इथं हे कुणी विचारलं नव्हतं.

दादा रोज विचारतात, आलं का?
रिकामी बाटली त्यांनी टाकू दिली नाही.
नखानं वाजवून पाहिली एकदा.
काच, म्हणाले,
आणि कानाजवळून खाली ठेवली.