हेरंबला, चंदीबद्दल

हेरंब, चाळणी खुंटीला आहे.
हरभरे रात्रीच भिजत घाल,
कान तुटलेल्या पितळी मापट्यानं दोन,
शिगोशीग नाही, काठाच्या जरा खाली.
सकाळी बोटानं दाबून बघ, दबला तर दे.
खडे तू काढायचे. सुपारी काढत नाही,
ती बिचारी विश्वासानं चावते.

आधी पाणी, मग वैरण, मग चंदी.
हा क्रम तुझ्या आजोबांनी मला
हातावर छडी मारून शिकवला,
तुला मी चिठ्ठीवर लिहून देते आहे.
चाळीस वर्षांत एवढी सुधारणा झाली.

भुसा झटकून घे. जिवाजीगंजातला भुसेवाला
वर सोनं भरतो, खाली धूळ.
धुळीनं ती खोकते, आणि ती खोकली
की भिंतीपलीकडून नसीम सईस विचारतात,
"किसने चूक की?"
खोटं बोलू नकोस. त्यांना खोकल्यावरून कळतं.

खरारा मानेपासून सुरू कर.
पायांना नुसतं कापड, तिथे हाडावर कातडीच असते,
आपल्या नडगीसारखी.
खूर ओढू नकोस. खांद्याला खांदा लावून उभा राहा,
ती देईल.
टाचेकडून पुढे खरडायचं, मधली मऊ गादी सांभाळून.
वास आला तर फोन कर.
कसला वास, ते आल्यावर कळेल.

कोणी दारात येऊन काही भरवायला बघेल,
शिळ्या पुऱ्या, बुंदी, उपासाचं उरलेलं.
हात जोड आणि परत पाठव.
मागच्या माघात कंपूतल्या एका वरातीत
नवऱ्याच्या मावशीनं प्रेमानं
परातभर मालपुवे चारले तिला,
मी बँडवाल्याशी पैशांचं बोलत होते तेवढ्यात.
रात्री अकराला तिनं आपल्याच कुशीकडे वळून पाहिलं.
एकदा. मग पुन्हा.
घोडा ओरडत नाही, हेरंब. दुखलं की तो
मागे वळून बघतो, कोणी हाक मारल्यासारखा.

डॉक्टर सुई टोचून गेले, म्हणाले, लोळू देऊ नका.
म्हणून नसीमभाई आणि मी तिला चालवत राहिलो
छावणीपासून बाड्यापर्यंत, बाड्यापासून परत,
बंद दुकानं, एक पोलीस, आणि धुकं असं
की तिचे कान तेवढे पुढे जाताना दिसत.
मध्येच थांबून मी पोटाला कान लावायचे.
आत सामसूम.
(बरं पोट सारखं बोलत असतं,
शेजारच्या घरात कोणी भांडी हलवावीत तसं.
आजच ऐकून ठेव, म्हणजे गप्प झालेलं ओळखशील.)
पहाटे पाचला, मार्केटच्या घड्याळाखाली,
तिनं शेपूट उचललं.
नसीमभाईंनी टोपी काढली. मी रडले.
लिदीकडे बघून रडणारी बाई
त्या पोलिसानं पहिल्यांदाच पाहिली असावी.

तेव्हा लीद मोजायची. दिवसाला आठ-दहा वेळा.
गोळे ओलसर हवेत, पडले की फुटणारे.
किळस वाटली तर वाटू दे, हात धुता येतात.

तुझा बाबा म्हणतो, ई-रिक्षा घे,
तिला चंदी लागत नाही.
खरं आहे. रात्रभर भिंतीकडे तोंड करून
उभी असते, सकाळी भरलेली.
मी त्याला अजून काही बोललेले नाही.
तूही बोलू नकोस.

गुरुवारी येईन. मोतीबिंदू निघाला तरी
उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी असेल
आणि अंगाला दवाखान्याचा वास.
ती बिचकेल. मला एकदम आत नेऊ नकोस,
आधी दारातून बोलू दे.
मग डावीकडून ने. तिच्याकडे
डावीकडूनच जायचं असतं,
आणि मलाही तेव्हा तेवढंच दिसत असेल.

मिठाचा खडा गव्हाणीत आहे, चाटू दे.
गुळाचा डबा शोधू नकोस.
गूळ मी देते.