चौरस सेंटीमीटर

मुंजाजीनं पोत्यातून काढलं आणि टेबलावर आपटलं.
महिन्यात तिसरं.
"तुमचे हीटर हायेत का उदबत्त्या?
लॉजवरचे ड्रायव्हर माझ्या नावानं शिव्या देऊ लागले,
गार पाण्यानं आंघोळी करू करू."

जालना एमआयडीसी, गाळा नंबर नऊ. डिसेंबर.
लोखंड अजून हाताला बोचणारं,
आणि मी पाहते आहे ते वाकडं, काळंनिळं नळकांडं
ज्याचा हिशोब माझ्या हातचा आहे.

वाहेद मिस्त्री काही बोलले नाहीत.
नळीवरची पांढरी खपली नखानं उचकटली,
पानाचा चुना चोळावा तशी अंगठ्यावर चोळली
आणि जिभेला लावली.
"परतूर?"
मुंजाजी जरा गप्प झाला. मग म्हणाला,
"आष्टी रोड. बोअर. चारशे ऐंशी फूट."

हिशोब साधा असतो.
नळीचा व्यास गुणिले पाय गुणिले लांबी,
म्हणजे तिची कातडी किती.
वॅट भागिले कातडी,
म्हणजे एकेका चौरस सेंटीमीटरच्या वाट्याला काय आलं.
डिप्लोमा झालेल्या पोरीला यात काय अवघड!
तीन हजार वॅट. आठ मिलिमीटर. एकशे वीस सेंटीमीटर लांब.
कातडी तीनशे एक. भागाकार दहाच्या जरासा आत.
कंपनीचा तक्ता पाण्यासाठी दहा म्हणतो.
बसलं, म्हणून त्या दिवशी मी डबा लवकर उघडला होता.

मिस्त्रींनी खडू घेतला, फरशीवर नळी काढली,
आणि दोन्ही टोकांचे दहा-दहा सेंटीमीटर
चपलेनं पुसून टाकले.
तिथं तार नसते. नुसती पिन.
हे मला शिकवलेलं होतं,
वहीत लिहिलेलंही होतं, लाल शाईनं.
उरले शंभर.
म्हणजे दहा नव्हे. बारा.

माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.
मुंजाजीला म्हणाले,
"गलती आमची हाय. आन् थोडी तुमच्या पाण्याची."

तक्त्यातलं पाणी गोड असतं, कुठल्या तरी लांबच्या गावचं.
आपलं पाणी खडकातून वर येतं
आणि येताना खडक घेऊन येतं.
पहिल्या आठवड्यात पापुद्रा,
दुसऱ्यात साल,
तिसऱ्यात नळीनं गोधडी पांघरलेली.
आत तार लालेलाल,
पाणी साल ओलांडलं की तिथंच,
आणि ऊब तिथवर जात नाही.

"सहा," मिस्त्री म्हणाले. "परतूरला सहाच्या वर न्हाई जायाचं."
सहा म्हणजे दोनशे सेंटीमीटर गरम नळी,
घड्या घालून त्याच टाकीत.

"म्हंजी पाणी दुप्पट तापतंय?"
"न्हाई."
"बिल कमी येतंय?"
"न्हाई. तेवढंच."
"मंग जादा पैसे कामून?"
मिस्त्रींनी हातातला खडू टेबलावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.
"जागेचे," म्हणाले. "जळायला जागा लागती, शेठ."
मुंजाजीला ते पटलं नाही.
निम्मे पैसे ठेवले, पावती दोनदा वाचली
आणि चहा न घेता गेला.

संध्याकाळी मी तार गुंडाळली.
सतरा पूर्णांक सहा ओहम. मीटरवर दोनदा पाहिलं.
नळीत सोडली, पावडर भरली, ठोकली, पुन्हा भरली.
या वेळी टोकं आधी मोजली,
मग जे राहिलं त्याला लांबी म्हटलं.
"आम्रा, दिवा मालव," एवढंच बोलून
मिस्त्री स्वेटरचं बटण लावत निघाले.

दिवा मालवला नाही लगेच.
तक्त्याच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं:
परतूर, सहा.
अंबड, सात.
मंठा, पाच, तेही घाबरत.
बदनापूर, माहीत नाही.
खपली आली की चाखून पाहणे.