केसभर

पोरगा त्याला गॅरेज म्हणतो.
खरं तर पत्र्याचा आडोसा, आठ बाय दहा,
जिथे माझी लूना उभी असायची
आणि लूनाच्या आधी मागच्या मालकाची शेळी.
लूना गेली अठराशेला.
त्या अठराशेतून हे सगळं सुरू झालं.

अशोक चौकामागचा कारखाना बंद झाला तेव्हा
शेठनं विचारलं, हिशेबात काय पाहिजे?
कुणी टॉवेलचे गठ्ठे नेले, कुणी पंखा.
मी म्हणालो, सात नंबरच्या मागाची एक बाजू द्या.
बिडाची. चौघांनी हातगाडीवर चढवली,
विडी घरकुलापर्यंत येता येता गाडीचं चाक गेलं,
ते पैसे वेगळे.

आता ती माझ्या टेबलाचा पाय आहे.
दुसरा पाय म्हणजे भिंत.
एकतीस वर्षं माझ्या हाताखाली थरथरत होती ती,
आता वर हातोडा पडतो आणि हलत नाही.
पहिल्या दिवशी मला ते चुकल्यासारखं वाटलं,
कान लावून पाहिला.

व्हाइस मिळाला मंगळवार बाजारात, मौला नदाफकडे.
एक जबडा फुटका, स्क्रू गंजून घट्ट.
नऊशे म्हणाला.
तोंड मोडलेल्याला नऊशे?
"अंबादासभाई, आपल्या वयात कुणाचं तोंड धड आहे?"
साडेसहाशेला जमलं.
डिझेलमध्ये तीन दिवस निजवला,
चौथ्या दिवशी कर्रर्र करून बोलला.

ऐरण म्हणजे मिलच्या ट्रॉलीच्या रुळाचा वीतभर तुकडा.
कानशी पाच, पैकी दोन बोळक्या;
त्यांतल्या एकीचा घासून सुरा केला.
पाने मात्र नवे घेतले.
पान्यात कंजुषी केली की नटाचे कोपरे जातात,
मग तो नट आयुष्यभर तुम्हाला हसतो.

ग्राइंडरपुरते पैसे उरले नाहीत.
घरात पाण्याची अर्ध्या एचपीची मोटर होती.
पाणी येतं चार दिवसांनी, तेही रात्री अडीचला.
त्या रात्री मोटर नळाची, एरवी माझी:
दोन बोल्ट सोडायचे, पंप बाजूला, दगड चढवायचा.
एकदा उलटं करायचं राहून गेलं.
गल्लीभर बादल्यांचा आवाज, नळाला धार,
आणि बटण दाबलं तर आडोशात
दगड गरगर फिरतोय, कोरडा.
राजमणी काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.
चार दिवस शेजारच्यांच्या हंड्यांवर काढले.

पाचव्या दिवशी तिनं आपला फर्मा टेबलावर ठेवला,
विडीचं पान कापायचा, कडा झिजून गोल झालेल्या.
"एवढा खर्च केलात, हा तरी करा."
केला. जुन्या कूलरचा पत्रा घेतला,
आखला, छिन्नीनं कापला, कडा मारल्या.
तिनं पानावर ठेवला, कडेवरून अंगठा फिरवला.
"मोठा झालाय."
किती?
"केसभर."
मी पट्टी लावली. पट्टी म्हणाली, बरोबर आहे.
"पट्टी रोज हजार विड्या वळते का?
ह्या पानात दोन निघतात.
तुमच्या केसापायी दुसरी निघत नाही."

कानस उचलली. तीन हात मारले.
"अजून."
एक मारला.
"आणखी अर्धा."
अर्धा हात कसा मारतात
हे एकतीस वर्षांत कुणी मला विचारलं नव्हतं.
मारला.
"बस."

दुसऱ्या दिवशी सुपं घेऊन गल्ली दारात:
सत्यम्माचा फर्मा, येमूलबाईंच्या दोन कात्र्या,
कुणाच्या तरी सुनेचा खलबत्ता, जो माझ्या कामाचा नव्हता.
वहीत लिहिलं, जमा, फर्म्यामागे दहा रुपये.
राजमणीनं वही ओढली, वीस केले.
दहा पत्र्याचे, म्हणाली,
दहा केसाचे.

आज पाण्याची रात्र.
पंप लावलाय. दोनदा उठून पाहिलं.