तांदळाच्या दाण्याएवढं

कुरिअर पुण्याहून गुरुवारी येणार,
आज सोमवार.
अक्कलकोट रोडला बाहेर चव्वेचाळीस,
शेडच्या पत्र्याखाली किती, ते कुणी मोजत नाही.
डिझाइनचा कॉम्प्युटर उघडून बसलेय.
प्रोसेसरवरच्या पेस्टची खपली झालीय,
कडक भाकरी मोडावी तशी मोडते.

काहीच न लावता: चार मिनिटं.
आकडा शंभरावर गेला
आणि टॉवेलावरचा मोर
अर्ध्या पिसाऱ्यात विझला.

गड्डमशेट म्हणाले, शनिवारची ऑर्डर आहे, काहीही लाव.
काहीही म्हणजे काय काय, ते मी वहीत लिहीत गेले.

टूथपेस्ट, साधी पांढरी.
पहिला तास एकसष्ट. हुरळले.
दुसरा अडुसष्ट.
तिसऱ्याला शेडभर पुदिना
आणि एक्क्याण्णव.

व्हॅसलीन: सत्तर, मग पातळ होऊन
बोर्डावर ओघळ.
बाळाचं नाक पुसावं तसं कापसानं टिपत बसले.

सिद्राम लूम थांबवून म्हणाला,
शेंगाचटणीला तेल सुटतंय बघ, तेच लाव की.
चटणी आम्ही खाल्ली.

मग चुना. लावणारच होते,
तेवढ्यात नायना डबा घेऊन आले.
बत्तीस वर्षं लूमवर काढली त्यांनी,
कान तिथंच ठेवून आले.
माझा हात धरला, बोलले काही नाहीत,
खिशातून तंबाखूची डबी काढून दाखवली:
ॲल्युमिनियमचं झाकण
चुन्यानं खाऊन खाऊन चाळणी झालेलं.

शेवटी मेडिकलमधून झिंकचं मलम आणलं,
लहान मुलांच्या रॅशचं.
मी वाटाण्याएवढं काढलं.
नायनांनी त्यातलं निम्म्याहून जास्त धोतराला पुसलं
आणि ओरडले, बहिरी माणसं ओरडतात तसं,
"तांदळाच्या दाण्याएवढं!
लई ग्रीस लावतो त्याला बेरिंग कळत नाही."

मी वहीत लिहून दाखवलं:
दोन धातू आरशासारखे दिसतात,
पण टेकले तरी मध्ये खड्डे राहतात.
खड्ड्यांत हवा. हवा उष्णता अडवते.
आपण फक्त हवेला उठवून
तिच्या जागी कुणालातरी बसवतो.
त्यांनी ते दोनदा वाचलं,
बोट ठेवून, ओळीखालून.
मग विचारलं, "अन् पंखा कशाला मग?"
या प्रश्नाला मला अर्धं पान लागलं.
इतकं आम्ही कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो.

सहासष्ट.
संध्याकाळपर्यंत सहासष्ट, एकदा सदुसष्ट,
तेव्हा लाइट गेली होती, तो दोष मलमाचा नव्हे.
मोराचा पिसारा पुरा झाला,
वर एक जास्तीचा डोळाही काढला मी,
शेटना दिसला नाही.

गुरुवारी पेस्ट आली, करडी, सुईच्या नळीत.
अठ्ठावन्न. खरी ती खरीच.
उरलेलं मलम नायना घरी घेऊन गेले,
घामोळ्यांवर लावतात.
कसं आहे, असं हातवारे करून विचारलं
तर सहा बोटं दाखवतात,
आणि पुन्हा सहा.