आठवा

माळ्यावरून ती दोन पातेली खाली येतात
वर्षातून एकदा, फार तर दोनदा.
पांढऱ्या फडक्यात बांधलेली.
बाप जशी गाठ मारायचा, तशीच मी मारतो.
त्यांत डुकराचं मांस कधी शिजलं नाही.
आमच्या घरात सोवळं एवढंच,
आणि तेही दुसऱ्यांच्या धर्माचं.

इथे, आगुंग डोंगराच्या पूर्वेला,
कार्याला आम्ही ताटं मांडत नाही.
केळीच्या पानावर भाताचा एक ढीग
आणि भोवती आठजण.
सात बसले तर भात उरतो,
नऊ बसले तर गुडघे भांडतात.
आपल्या बाजूनेच खायचं, बोटाने हद्द ओळखून.
तोंडातून सांडलेलं शीत परत ढिगावर टाकायचं नाही.
पाणी सुरईतून, वरून.
आणि शेवटच्याचा घास संपेपर्यंत
कुणी उठायचं नाही.

मी अकरा वर्षांचा होतो.
थोरल्या भावाचे दात कानशीने घासायचे होते,
अंगणभर पाहुणे.
सासाक वस्तीतून इनाक रेहानाह पहाटेच आली,
स्वतःची सुरी घेऊन.
अल्लाचं नाव घेऊन तिने बदकं कापली,
आमच्या माडाखाली तीन दगडांची चूल मांडली.
आईने लाकडं दिली, मीठ दिलं,
पळीला मात्र हात लावला नाही.

मुसलमानांच्या ढिगाभोवती सातच जमले.
आठव्याची होडी समुद्रावरून परतली नव्हती.
बापाने अंगणभर नजर फिरवली
आणि ती माझ्यावर येऊन थांबली.
"लावारला शिवलास का? हात दाखव."
त्याने माझी बोटं हुंगली.
मी आठवा झालो.

पाठीमागे माझ्या भावंडांच्या ढिगावर
भाजलेलं कातडं कुरकुर मोडत होतं.
रक्त कालवलेला लावार, डुकराच्या सळया,
महिनाभर मी त्याच दिवसाची वाट पाहिली होती.
मान वळवायची नाही म्हणून
मी बदकाच्या मानेकडे बघत राहिलो.
डोळे भरले ते मिरचीने, असं ठरवलं.

समोर पापुक साहनुन, तोंडात तीनच दात.
त्याने काळजाचा तुकडा दोन बोटांनी सरकवत सरकवत
माझ्या हद्दीत आणून सोडला.
"मलाही येतोय," तो हळूच म्हणाला.
"वासाला कुठली रे बंदी?"
सातहीजण हसले. मग मीही.

वरच्या ओट्यावर गुस्तींची पंगत होती, वेगळी.
त्यांचे देव तेच, आमचेच,
तरी तिथे माझ्या आजाला कुणी कधी जागा दिली नाही.
इथे आठ हात एका भातात,
यात उष्टं कुणाचं ते शोधून दाखवा.

बाकीचे ढीग उठले, हात धुऊन झाले,
कुत्री पानांपाशी आली.
पापुक तीन दातांनी चावत होता,
घाई नाही, लाजही नाही.
आम्ही सात बसून होतो.
माझ्या पायाला मुंग्या आल्या.

आज मुलीचे दात घासायचे आहेत.
मी पातेली उतरवली, राखेने घासली, उन्हात पालथी घातली.
दहा वाजता रेहानाहची लेक स्कूटरवरून आली,
मागे पुठ्ठ्याचे तीस डबे.
"काका, कशाला त्रास? सगळं हॉटेलातून आणलंय.
झाकणावर शिक्काही आहे."
खरंच सोपं झालं.
जो तो आपला डबा घेऊन बसला,
आपल्या वेळेला उठला, फोनवर बोलत.
भांडं नाही, चूल नाही, कुणाचे हात हुंगणं नाही.

मीही एक डबा घेतला. बदक बरं होतं,
जरा गोड.
खाऊन झालं तरी उठवेना.
समोर कुणी चावत नव्हतं,
अंगण कधीच रिकामं झालं होतं,
बायको दोनदा हाक मारून गेली.
मी तसाच बसून, मांडी घालून,
पायांना मुंग्या येईपर्यंत.