त्रेसष्ट कुलपं

आमच्या बेटावर दारांना कुलपं नव्हती.
वाऱ्यापुरती एक लाकडी खिटी,
ती मेंढ्यांनाही उघडता यायची.

फेब्रुवारीत रानवा सापडली
मासे सुकवायच्या खोपटामागे,
रेनकोटची बटणं गळ्यापर्यंत नीट लावलेली.
ती धक्क्यावर मासे तोलायची.
तिच्याशी भांडला नाही असा नाखवा नव्हता,
पण काटा खोटा बोलत नाही
हे भांडणारेही घरी जाऊन कबूल करत.

त्याच आठवड्यात त्रोंदुर सुताराने
तोर्सहावनहून पितळी कुलपांची खोकी मागवली.
बोटीतून उतरवायला मीही हात लावला.
त्रेसष्ट घरं फिरला तो. मजुरी घेतली नाही.
"अशा वेळी कसली मजुरी," म्हणाला.
आम्ही कॉफी दिली, रुबार्बचा केक दिला,
माझ्याकडे तर दुसरा तुकडा मागून घेतला त्याने.

चौकट जुनी आहे, लाकूड फुगेल, म्हणाला.
हवा खारी, वर्षातून दोनदा तेल घाल.
गुडघ्यांवर बसून भोकातला भुसा फुंकला
आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.
त्याच्या मुठीत राहून कोमट झालेली.

तोवर आयवार्सकडे बघणं आम्ही सोडून दिलं होतं.
लॅटव्हियाचा, फॅक्टरीत बर्फ फोडायचा.
झोप येत नाही म्हणून रात्री चालायचा, एवढंच.
सुन्नेवाच्या दुकानात तो शिरला
की रांग आपोआप विरळ व्हायची.
कुणी ब्र काढला नाही.
आम्ही चांगली माणसं, बोलून दाखवत नाही.
मे महिन्यात तो गेला, एका बॅगेनिशी.
हाइनीने त्या दिवशी बोटीची फळी
जरा लवकरच ओढून घेतली.

काल अकराच्या बोटीने चार पोलीस आले.
वाटलं, पुन्हा तेच प्रश्न.
त्रोंदुर चर्चच्या छपरावर गवताची ढेकळं बसवत होता.
खाली उतरला.
पटाशी पुसली, हातोडी पुसली, पेटीत ठेवली,
पेटीचं झाकण लावलं,
मग हात पुढे केले.
मालान, त्याची बायको, अंगणात लोकर धूत होती.
ती धूतच राहिली.

दुपारपर्यंत
"मला आधीच शंका होती" म्हणणारे सात निघाले.
त्यांतल्या तिघांनी रानवाची शवपेटी उचलताना
त्याच्या खांद्याला खांदा लावला होता.
चौथा मी. पण मी शंका होती असं म्हटलेलं नाही,
एवढं तरी लिहून ठेवतो.

जूनमधली रात्र, अंधार असा पडतच नाही.
त्या करड्या उजेडात अख्खं बेट
आपापल्या दाराशी उभं, आतून.
कुलूप लावावं तर ते त्याचं,
काढावं तर भोकातून वारा.
प्रत्येक कुलपाबरोबर किल्ल्या दोन येतात
आणि आम्हाला मिळाली होती एकेक.
पहाटे तीनला हे माझ्या ध्यानात आलं,
आणि समोर हाइनीच्या खिडकीत दिवा लागला.

आज सुन्नेवाने मालानला पीठ तोलून दिलं,
दोन किलो, वर एक मूठ.
सुटे पैसे देताना दोघींचे हात
काउंटरवर थोडा वेळ तसेच राहिले.
रांग विरळ झाली होती.
मीही एक पाऊल मागे सरकलो होतो.

आयवार्सला पत्र लिहायचं ठरलंय.
शाळेत सभा झाली, तास गेला
"माफी" लिहायचं की "खेद" यावर.
शेवटी पाद्रीबाबांनी विचारलं, पाठवायचं कुठे?
पत्ता कुणाकडेच नाही.
त्याचं आडनाव काय, हेही
फॅक्टरीच्या वहीत बघावं लागलं.

संध्याकाळी तेलाची बाटली काढली.
दोन थेंब. किल्ली फिरवली.
अडकत नाही, कुरकुरत नाही,
काम चोख होतं त्याचं.
मी तीनदा फिरवून पाहिली.